दोन समुद्रांना जोडणारे कापड

अमेरिकेचा नकाशा समोर धरला, तर त्याच्या आग्नेय कोपऱ्यातून फ्लोरिडा हे राज्य समुद्रात लांबवर उतरलेले दिसते. त्याच्या टोकापासून पुढे लहान लहान बेटांची एक माळ नैर्ऋत्येकडे वळत गेलेली आहे. मायामी शहरातून निघालेला रस्ता या बेटांवरून आणि त्यांना जोडणाऱ्या पुलांवरून सुमारे 160 मैल जातो. ज्या बेटावर तो संपतो, त्याचे नाव की वेस्ट. बेटाची लांबी चार मैल, रुंदी जेमतेम एक मैल. येथून क्यूबा अवघ्या 90 मैलांवर आहे. म्हणजे स्वतःच्या देशातील मायामीपेक्षा परका देश जवळ. 2020 च्या शिरगणतीत या गावची वस्ती 26,444 भरली. अमेरिकेत याला शहर म्हणतात. आपण त्याला तालुक्याचे गाव म्हटले असते.

या गावात ड्यूव्हल नावाचा एक रस्ता आहे. तो जगातील सर्वांत लांब रस्ता होय, असे तेथील लोक थट्टेने सांगतात, कारण तो एका समुद्रापासून निघतो आणि दुसऱ्या समुद्रापाशी पोहोचतो. एका टोकाला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या टोकाला अटलांटिक महासागर. प्रत्यक्षात त्याची लांबी सव्वा मैलच आहे. 15 जून 2003 या दिवशी, रविवारी, या सव्वा मैल रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक अखंड कापड धरण्यात आले. त्यावर आठ रंगांचे आठ पट्टे होते. दोन्ही कडांना माणसे उभी होती. त्यांची संख्या सुमारे दोन हजार, म्हणजे गावाच्या तेव्हाच्या वस्तीच्या मानाने केवढी मोठी, हे श्रोत्यांच्या ध्यानात येईल. एरवी ध्वज म्हटला की तो काठीवर चढतो आणि माणसे खालून मान वर करून पाहतात. हा ध्वज मात्र कमरेच्या उंचीवर होता आणि तो माणसांनीच पेलून धरला होता.

हा समारंभ कशाचा, हे आता सांगावयास हवे. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा ज्या स्त्रीपुरुषांना इंग्रजी आद्याक्षरांवरून एलजीबीटीक्यू असे एकत्रितपणे म्हटले जाते, त्यांचा एक वार्षिक उत्सव आज जगातील शेकडो शहरांत होतो. त्याला 'प्राइड', म्हणजे अभिमान, असे नाव आहे. 28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल इन नावाच्या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली आणि तेथील मंडळींनी नेहमीप्रमाणे मान खाली घालून गाडीत बसण्याचे नाकारले. काही दिवस त्या गल्लीत दंगल चालली होती. बरोबर एका वर्षाने, 28 जून 1970 रोजी, त्या घटनेची आठवण म्हणून न्यूयॉर्कला पहिली पदयात्रा निघाली. तेव्हापासून जून महिना हा या उत्सवाचा महिना ठरून गेला.

'अभिमान' या शब्दाविषयी पुष्कळांच्या मनात एक शंका असते, आणि ती शंका घेणारे सगळेच दुष्टबुद्धीचे असतात असे नाही. जी गोष्ट माणसाने कमावलेली नाही, जी त्याला जन्मतः लाभली, तिचा अभिमान तो कसला, असे ते विचारतात. प्रश्न तर्काला धरून आहे. परंतु या शब्दाचा अर्थ कोशात पाहून लागणार नाही. तो कशाच्या विरोधात उभा आहे हे पाहून लागेल. येथे अभिमान हा गर्वाचा सोबती नाही. तो लाजेचा प्रतिशब्द आहे. ज्याला लहानपणापासून 'लाज नाही वाटत?' एवढेच ऐकावे लागले, त्याने एके दिवशी 'नाही, वाटत नाही' असे चारचौघांत उत्तर देणे, एवढाच त्या शब्दाचा मूळ आशय.

आणि हे चारचौघे कोण, यावर सारे अवलंबून असते. न्यूयॉर्कसारख्या महानगरात लाखोंच्या गर्दीत चालणारा माणस अनोळखी लोकांच्या नजरेसमोरून चालतो. संध्याकाळी तो त्या गर्दीत विरघळून आपल्या खोलीवर जातो. लहान गावात विरघळण्याची ही सोय नाही. तेथे मिरवणुकीच्या कडेला वाणी उभा असतो, शाळेतील बाई असतात, ज्याच्याकडे घराच्या हप्त्यासाठी जावे लागते तो बँकेतला कारकून असतो, आणि क्वचित स्वतःचा चुलताही असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी याच सर्वांना पुन्हा भेटावयाचे असते. म्हणून महानगरातील मिरवणूक कितीही मोठी असली, तरी मला लहान गावातील मिरवणूक अधिक वजनदार वाटते.

आपल्यापैकी जे बडोद्याला, इंदूरला किंवा हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांना याची थोडी कल्पना करता येईल. दुसऱ्या भाषेच्या नगरात आपल्या पूर्वजांनी गणपती सार्वजनिक मांडवात बसविला, रस्त्यावरून वाजत गाजत नेला, तेव्हा त्यात भक्ती तर होतीच. पण 'आम्हीही या गावचेच आहोत' हे सांगणेही होते. ही तुलना फार ताणू नये, हे मी जाणतो. मराठी असल्याबद्दल कोणा मराठी मुलाला त्याच्या आईबापांनी घराबाहेर काढले नव्हते.

की वेस्टलाच हे का घडावे? उत्तर त्या गावच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मोठा चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात या बेटाच्या आसपासच्या प्रवाळखडकांवर जहाजे आपटत आणि फुटलेल्या जहाजांतील माल वाचवून त्याचा वाटा घेणे हा येथील मुख्य धंदा असे. त्या धंद्यावर गाव गडगंज झाले. पुढे क्यूबातील निर्वासित आले, त्यांनी चिरूटांचे कारखाने काढले. 1871 मध्ये त्यांनी येथे सान कार्लोस नावाची संस्था स्थापली. 1912 साली हेन्री फ्लॅग्लर या धनिकाने समुद्रावरून पूल बांधीत बांधीत रेल्वे आणली. परंतु चिरूट गेले, जहाजे दीपगृहांमुळे फुटेनाशी झाली, आणि 1934 साली नगरपालिकेचे दिवाळे वाजले. दुसऱ्याच वर्षी, 1935 च्या सप्टेंबरात, भयंकर वादळाने ती रेल्वेही उद्ध्वस्त केली. तिच्या जागी मोटाररस्ता झाला तो 1938 साली. मग आरमाराच्या तळावर गावाचे पोट चालले. तोही तळ 1974 साली बहुतांशी बंद झाला.

सारांश, सत्तरीच्या दशकात की वेस्ट हे पडक्या घरांचे गाव होते. लाकडी नक्षीच्या गॅलऱ्या असलेली जुनी, सुंदर, वाळवी लागलेली घरे स्वस्तात विकावयास निघाली होती. ती घेणारे जे नवे लोक बाहेरून आले, त्यांत समलिंगी पुरुषांचा भरणा मोठा होता. त्यांनी घरे दुरुस्त केली, रंग दिला, अतिथिगृहे काढली, चित्रांची दालने उघडली. साहित्यिकांचे या गावाशी नाते त्यापूर्वीचेच होते. नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी 1950 च्या सुमारास येथे छोटेसे घर घेतले आणि 1983 साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याकडे होते.

जुन्या गावकऱ्यांनी या मंडळींचे स्वागत ओवाळून केले, असे सांगितले तर ती दंतकथा होईल. 1977 साली मायामीच्या परगण्यात समलिंगी व्यक्तींना नोकरीत व घरभाड्यात संरक्षण देणारा नियम मतदानाने मोठ्या बहुमताने रद्द करण्यात आला. त्या प्रचाराचे वारे सबंध फ्लोरिडात वाहत होते. की वेस्टमध्येही रस्त्यावर मारहाणीचे प्रकार झाले. 1979 च्या जानेवारीत खुद्द विल्यम्स यांना याच ड्यूव्हल रस्त्यावर काही तरुणांनी मारले. ज्या रस्त्यावर चोवीस वर्षांनी ते कापड धरले गेले, तो हाच रस्ता, हे विसरता येत नाही.

तरीही दोन्ही पक्षांना एकमेकांची गरज होती. 1978 साली समलिंगी दुकानदारांनी व अतिथिगृहवाल्यांनी 'की वेस्ट बिझनेस गिल्ड' नावाचे एक व्यापारी मंडळ काढले. या प्रकारचे ते देशातील अगदी आरंभीच्या मंडळांपैकी एक होते, आणि आजही गावचा प्राइड-उत्सव तेच भरविते. 1979 पासून ऑक्टोबरच्या मंदीच्या दिवसांत पाहुणे यावेत म्हणून सोंगांचा एक उत्सवही सुरू झाला. या सर्वांत पैशाचा हिशेब होता, हे लपविण्याचे कारण नाही. कित्येक शहाणे लोक म्हणतात की, हे औदार्य नव्हे, ही पाहुण्यांच्या खिशावरची नजर आहे. असेलही. पण बाजारपेठेत शेजारी शेजारी दुकान मांडून बसलेल्या माणसांत हळूहळू जो परिचय वाढतो, त्याला मी कमी लेखणार नाही. गावोगावी जातिपातीच्या भिंतींना पहिली भोके बाजारातच पडलेली आहेत.

या गावाला विनोदाचेही मोठे अंग आहे. 1982 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या सीमारक्षकांनी मुख्य भूमीवरून येणाऱ्या एकमेव रस्त्यावर नाके बसविले आणि मोटारींची झडती सुरू केली. पाहुणे येईनात. तेव्हा नगराध्यक्षांनी की वेस्ट हे स्वतंत्र राष्ट्र झाल्याचे जाहीर केले. त्याचे नाव 'कॉंक रिपब्लिक', म्हणजे शंखांचे प्रजासत्ताक. कारण जुन्या गावकऱ्यांना शंखावरूनच 'कॉंक' म्हणतात. आरमारी गणवेशातील एका माणसाच्या डोक्यात शिळा पाव मारून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारण्यात आले, मिनिटभरात शरणागती पत्करण्यात आली आणि ताबडतोब एक अब्ज डॉलरची परदेशी मदत मागण्यात आली! जो गाव स्वतःला इतक्या सहजपणे हसू शकतो, तेथे माणसाच्या वेगळेपणाचा बाऊ फार काळ टिकत नसावा, असे मला वाटते.

त्यानंतरच्याच वर्षी, 1983 साली, रिचर्ड हेमन हे चित्रदालनाचे मालक नगराध्यक्षपदी निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी लपविलेले नव्हते. अमेरिकेत अशा रीतीने निवडून आलेल्या पहिल्या काही नगराध्यक्षांत त्यांची गणना होते. पुढे 1987 मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्यांना मते देणाऱ्यांत बहुसंख्य लोक अर्थातच समलिंगी नव्हते. त्यांना कचऱ्याची विल्हेवाट आणि सांडपाणी यांची चिंता होती, आणि या माणसाला ती कामे जमतील असे त्यांना वाटले.

याच वर्षांत एड्सचा रोग आला. महानगरांतील मृत्यूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लहान बेटावर या रोगाने काय केले असेल, याची कल्पना करावी लागते. पंचवीस हजारांच्या वस्तीत कोण आजारी आहे, हे लपत नाही. ज्याने घराची नक्षी दुरुस्त केली तो सुतार, उपाहारगृहात रोज न्याहारी आणून देणारा वाढपी, नाटकमंडळीतला नट, अशी ओळखीची माणसे वयाच्या तिशीचाळिशीत जाऊ लागली. हेमन यांनाही 1994 साली याच रोगाने मृत्यू आला.

येथे एक घरगुती आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. मी लहान असताना आमच्या वाड्यात मागच्या चौकात दोन गृहस्थ एका बिऱ्हाडात राहत असत. एक शाळेत ड्रॉइंग शिकवीत, दुसरे कचेरीत होते. तीस वर्षे ते एकत्र राहिले. वाड्यात सर्वजण त्यांना 'मास्तर आणि त्यांचे मित्र' म्हणत. त्यापलीकडे कोणी काही बोलत नसे, आणि न बोलण्यातच वाड्याचा चांगुलपणा होता असे आम्ही समजत असू. मास्तर वारले तेव्हा त्यांचे पुतणे गावाहून आले, त्यांनी दिवसवार केले, भांडीकुंडी नेली. वाड्यातील बायामाणसे समाचाराला त्या पुतण्यांकडे गेली. त्या दुसऱ्या गृहस्थांना समाचारासाठी भेटावयास कोणी गेले नाही. माझी आईही गेली नाही. तिला वाईट वाटत नव्हते असे नाही. काय म्हणून जायचे, हे तिला समजेना. त्या नात्याला शब्द नव्हता, म्हणून दुःखालाही दार नव्हते. पुढे पाच-सहा महिन्यांत ते बिऱ्हाड सोडून गेले.

की वेस्टच्या लोकांनी हे दार बांधले. व्हाइट स्ट्रीट जेथे अटलांटिकला मिळतो, तेथील धक्क्याच्या तोंडाशी 1 डिसेंबर 1997 रोजी एड्सने गेलेल्यांचे एक स्मारक उघडण्यात आले. त्यात पुतळा नाही, घुमट नाही. जमिनीत बसविलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत आणि त्यांवर नावे कोरलेली आहेत. की वेस्ट व आसपासच्या बेटांवरील अशा नावांची संख्या आता हजाराहून अधिक आहे. दरवर्षी 1 डिसेंबरला लोक हातात मेणबत्त्या घेऊन तेथे जमतात. ज्यांचा कोणी वारस गावात उरलेला नाही, त्यांचे नावही कोणीतरी वाचते. प्राइडचा उत्सव जूनमध्ये आणि हा दिवस डिसेंबरमध्ये. पण पहिल्याचा अर्थ दुसऱ्याशिवाय लागत नाही, असे माझे मत आहे.

या शिळा बसविल्यावर तीन वर्षांनी, 2000 च्या ऑक्टोबरात, नगरपालिकेने 'एकच मानवकुटुंब' या अर्थाचे वचन गावाचे अधिकृत तत्त्व म्हणून एकमताने स्वीकारले. ते मूळ एका स्थानिक कलावंताने चिकटपट्ट्यांवर छापून फुकट वाटलेले वाक्य होते. नगरपालिका ठराव करतात आणि ते दप्तरात पडून राहतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. हे वाक्य मात्र गावातील मोटारींच्या मागे आधी लागले आणि दप्तरात मागाहून गेले.

आता त्या कापडाकडे वळू. त्याचा कर्ता गिल्बर्ट बेकर हा 1951 साली कॅन्सस राज्यातील एका लहान गावी जन्मला. सैन्यात काही काळ काढून तो सॅन फ्रान्सिस्कोला राहिला आणि तेथे शिवणकाम शिकला. मोर्चांसाठी फलक व निशाणे शिवून देणे हा त्याचा उद्योग होऊन बसला. तोवर समलिंगी लोकांची खूण म्हणून गुलाबी त्रिकोण वापरला जाई. ती खूण नाझींनी आपल्या छळछावण्यांत अशा पुरुषांच्या कपड्यांवर लावलेली. जी खूण मारणाऱ्यांनी दिली, तिच्या जागी आपली स्वतःची काही असावी, असे बेकरला वाटे. 1978 साली त्याने सुमारे तीस स्वयंसेवकांच्या मदतीने इंद्रधनुष्याचा ध्वज तयार केला. सुती कापडाचे तागे आणले, कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत रंग कालवले, मीठ घातले, आणि रंगविलेले कापड सार्वजनिक धुलाईकेंद्राच्या यंत्रांत खळबळून काढले. 25 जून 1978 रोजी तो ध्वज सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा फडकला.

त्यात आठ पट्टे होते आणि प्रत्येकाला एक अर्थ दिलेला होता: राणी रंग कामभावनेचा, लाल जीवनाचा, नारिंगी दुःखनिवारणाचा, पिवळा सूर्यप्रकाशाचा, हिरवा निसर्गाचा, पिरोजी कलेचा, निळा शांततेचा आणि जांभळा आत्म्याचा. पुढे हे रंग सहा कसे झाले, याची हकिगत रंगाऱ्यांना आणि कापडवाल्यांना मौजेची वाटेल. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांचा खून झाला आणि ध्वजाला एकाएकी मोठी मागणी आली. हातरंगाईने ती पुरी होईना. कारखान्यात तयार कापड घ्यावे, तर राणी रंगाचे कापड मिळेना. तो पट्टा गेला. दुसऱ्या वर्षी मिरवणुकीच्या रस्त्याच्या दोन बाजूंना निम्मे निम्मे रंग टांगावयाचे ठरले. सात रंगांचे दोन सारखे भाग कसे होणार? म्हणून पिरोजी गेला. तत्त्वज्ञानाने नव्हे, दुकानातील मालाने आणि रस्त्याच्या दोन बाजूंनी आजचा सहा पट्ट्यांचा ध्वज घडविला. बेकरने या आकृतीवर मालकीहक्क कधी सांगितला नाही. ज्याला हवा त्याने शिवावा, असे त्याचे म्हणणे होते.

2003 साली ध्वजाला पंचवीस वर्षे झाली. बेकर की वेस्टला आला, आणि यावेळी हरवलेले दोन्ही रंग परत घालून त्याने तो सव्वा मैलांचा ध्वज सिद्ध केला. यापूर्वी 1994 मध्ये न्यूयॉर्कला स्टोनवॉलच्या पंचविसाव्या वर्षी त्याने मैलभर लांबीचा ध्वज केला होता. न्यूयॉर्कच्या गर्दीत मैलभर कापड धरावयास माणसे मिळणे अवघड नव्हते. की वेस्टमध्ये मात्र प्रत्येक हात मोजूनच मिळावयाचा. एवढ्या लांबीचे कापड धरणे हे दिसते तितके सोपे नाही. वारा समुद्राकडून येतो, कापड शिडासारखे फुगते, आणि मधल्या एका माणसाने हात सोडला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना ओढ बसते. त्यामुळे ज्याला शेजाऱ्याचे नावही ठाऊक नाही, त्यालाही शेजाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवावे लागते. पालखीला खांदा दिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको.

समारंभ झाल्यावर त्या ध्वजाचे तुकडे करण्यात आले आणि ते जगातील शंभराहून अधिक शहरांना पाठविण्यात आले. एक तुकडा गावाने ठेवून घेतला. 12 जून 2016 रोजी त्याच फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो शहरी पल्स नावाच्या नृत्यगृहात एका बंदूकधाऱ्याने 49 जणांचा बळी घेतला, तेव्हा की वेस्टचे कापड तेथील शोकसभांत नेण्यात आले. बेकर 2017 च्या मार्चमध्ये वारला.

आपल्या देशात अशी पहिली पदयात्रा कलकत्त्याला 2 जुलै 1999 रोजी निघाली. तीत पंधरा माणसे होती. मुंबई, पुणे, नागपूर येथे त्या पुढे निघू लागल्या. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडसंहितेच्या 377 व्या कलमातून प्रौढांचे संमतीने होणारे संबंध वगळले. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निर्णयाने मिळाला नाही. तो विषय संसदेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. फ्लोरिडात तो हक्क 6 जानेवारी 2015 पासून मिळाला. की वेस्टच्या दोन मद्यगृहसेवकांनी त्यासाठी न्यायालयात दाद मागितली होती, आणि त्या दिवशी मध्यरात्र उलटताच गावच्या न्यायमंदिराच्या पायऱ्यांवर त्यांचा विवाह झाला.

त्याच 2015 साली ड्यूव्हल आणि पेट्रोनिया हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या चौकात पादचाऱ्यांसाठी आखलेले पांढरे पट्टे काढून त्या जागी इंद्रधनुष्याचे रंग भरण्यात आले. चारही बाजूंना हे रंगीत पट्टे होते. दहा वर्षे माणसे, कोंबड्या (या गावात कोंबड्या रस्त्यावर मोकाट हिंडतात) आणि पाहुणे त्यांवरून ये-जा करीत होते. 2025 च्या उन्हाळ्यात केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांच्या वाहतूक खात्यांनी रस्त्यावरील अशा रंगकामाविरुद्ध आदेश काढले. खुणा सर्वत्र सारख्या असाव्यात, चालकाचे लक्ष विचलित होऊ नये आणि रस्त्यावर राजकीय मतप्रदर्शन नसावे, असे त्यांचे म्हणणे. न जुमानल्यास राज्याकडून मिळणारा रस्त्यांचा पैसा थांबविला जाईल, ही ताकीदही होती. ऑरलँडोला पल्सच्या दारातील स्मरणार्थ रंगविलेले पट्टे ऑगस्टमध्ये रातोरात पुसले गेले होते. की वेस्टच्या नगरपालिकेने आपली बाजू मांडून पाहिली. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये पेट्रोनियाच्या चौकातील रंगही राज्याच्या माणसांनी काढून टाकले.

रस्त्यावरील खुणा सारख्या असाव्यात, हे तत्त्व मला अमान्य नाही. मोटार हाकणाऱ्याला गावोगाव नवी भाषा शिकावयास लावणे बरे नव्हे. पण दहा वर्षे जो रंग गावाने स्वतःच्या इच्छेने स्वतःच्या चौकात ठेवला, तो धोक्याचा आहे हे ठरविताना त्या चौकात किती अपघात झाले याची चौकशी आधी व्हावयास हवी होती. शिवाय रंग नको होता तर सांगण्याची रीत निराळी असते. पैसा रोखण्याची धमकी ही युक्तिवादाची रीत नव्हे. पंचवीस हजारांच्या गावाला रस्त्यांसाठी राज्याच्या पैशावाचून गत्यंतर नाही, हे सांगणाऱ्यांना ठाऊक होते.

उत्सव जूनच्या आरंभी असतो. त्यात पोहण्याचे, नाचगाण्याचे, वेषांतराच्या चुरशीचे पुष्कळ प्रकार होतात. ते सर्वत्र असतात तसेच असतात. शेवटी रविवारी संध्याकाळी ड्यूव्हल रस्त्यावरून मिरवणूक निघते आणि तिच्याबरोबर 2003 च्या ध्वजाचा गावाने ठेवलेला तुकडा असतो. त्याची लांबी शंभर फूट आहे. तो धरण्यासाठी दोन्ही कडांना माणसे लागतात. कोणाला बोलाविलेले नसते, जो जवळ असतो तो हात लावतो. समुद्राकडून वारा आला की कापड फुगते, मग मंडळी थांबतात, पकड सावरतात आणि पुन्हा चालू लागतात. पेट्रोनियाचा चौक त्याच वाटेवर आहे.